काळीपिवळी फियाट आणि आठ मिलिमीटरची चौकट

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदलेली होती ती, आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे तिचे दिवस भरले. आमच्या घरी तिला पद्मिनी कधी कोणी म्हटलंच नाही. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनायची, १९६४ पासून, पण सगळ्यांसाठी ती फियाटच. बातमी वाचली त्याच रात्री मी लेगोचे डबे खाली काढले आणि ठरवलं की हिचं मॉडेल करायचं, आणि नुसतं टॅक्सीसारखं दिसणारं काहीतरी नाही, मापात, म्हणजे स्केलमध्ये करायचं.

आता यात विज्ञान कुठलं असं वाटेल. पण प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून खरी गाडी मापात उभी करणं हा मुळात राउंडिंगचा, म्हणजे माप जवळच्या पायरीवर आणून बसवण्याचा प्रश्न आहे. खऱ्या गाडीचा पत्रा हवा तसा वळतो, ठोकळ्याला ठराविक मापाच्याच पायऱ्या असतात, त्यामुळे चूक होणारच, ती किती ठेवायची आणि कुठे ठेवायची एवढंच आपल्या हातात असतं. मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

आधी ठोकळ्याची मापं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ठोकळ्यावरच्या गोल खुंटीला स्टड म्हणतात. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत ८ मिमी. ठोकळ्याची म्हणजे ब्रिकची उंची ९.६ मिमी, आणि पातळ प्लेटची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक ब्रिक. आता गंमत बघा, ८, ९.६ आणि ३.२ या तिन्हींना १.६ ने पूर्ण भाग जातो, ५ वेळा, ६ वेळा आणि २ वेळा. म्हणजे ठोकळा घन नाहीच, त्याची रुंदी आणि उंची ५ ला ६ अशी आहे. लहानपणी आडवा ठेवलेला ठोकळा उभ्या ठोकळ्यांच्या फटीत का बसत नाही याचा राग यायचा ना, त्याचं कारण हे. पण यातूनच एक सुंदर गोष्ट निघते, पाच प्लेटा एकावर एक म्हणजे १६ मिमी, आणि दोन स्टड म्हणजेही १६ मिमी. त्यामुळे पाच प्लेटांची थप्पी आडवी पाडली तर ती दोन स्टडच्या जागेत बरोब्बर बसते. ठोकळे आडवे, उलटे, कुशीवर वळवून लावायच्या पद्धतीला हे काम करणारे स्नॉट म्हणतात, म्हणजे स्टड वरच्या बाजूला नसलेली रचना. गाडी करताना ही पद्धत नसेल तर काहीही होत नाही, कारण सगळे स्टड वर ठेवले की प्रत्येक उतार हा जिना होतो.

हे सगळं चालतं कशावर तर अचूकतेवर. लेगोच्या आजच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ चं, डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचं. सुरुवातीला ठोकळे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते आणि ते कालांतराने वाकडे व्हायचे, १९६३ पासून एबीएस प्लास्टिक आलं. त्यात अ‍ॅक्रिलोनायट्राइल कडकपणा देतं, ब्युटाडाइन हा रबरासारखा भाग लवचिकपणा देतो, स्टायरीनमुळे चकाकी येते आणि साच्यात नीट ओतता येतं. स्टड साधारण ४.८ मिमी जाड, आणि तो ज्या जागेत घुसतो ती जागा अगदी केसभर लहान. दाबलं की प्लास्टिक किंचित ताणलं जातं, परत मूळ जागी यायला बघतं, आणि त्या दाबामुळे होणारं घर्षण जोड धरून ठेवतं. फार घट्ट कोंबलं आणि तसंच महिनोन्‌महिने ठेवलं तर मात्र प्लास्टिक त्या ताणाला सरावतं, पकड जाते, कधी चीरही पडते. म्हणून ज्या जोडणीत भागावर सतत ताण राहतो ती करायची नाही असा नियम चांगले डिझायनर पाळतात. उदाहरणार्थ दोन स्टडच्या मधली फट ८ वजा ४.८ म्हणजे ३.२ मिमी, आणि प्लेटही ३.२ मिमी, कागदावर एकदम फिट. पण खऱ्या वस्तूत दोन्हीकडे थोडीही सूट उरत नाही, प्लेट अडकून बसते, त्यामुळे ही जोडणी मी टाळतो.

आता गाडी. पहिला प्रश्न स्केल कुठली, आणि त्याचं उत्तर टायरकडून येतं. बाकी सगळं ठोकळ्यांतून बनवता येतं, टायर नाही बनवता येत, तो आहे त्या मापात घ्यावा लागतो. (लेगो इतके टायर बनवतं की गिनीज बुकात २०११ सालचा टायर उत्पादनाचा विक्रम त्यांच्या नावावर आहे, ३८ कोटींच्या वर.) टायरवरच बारीक अक्षरात माप असतं, ३०.४ x १४, ४३.२ x २२ असं, पहिला आकडा व्यास आणि दुसरा रुंदी. फियाटच्या खऱ्या टायरचा व्यास साधारण ६०० मिमी. ६०० भागिले ३०.४, उत्तर जवळजवळ २०. झालं, स्केल ठरली, १:२०.

पुढे सगळं २० ने भागत जायचं. फियाटची रुंदी साधारण १४६० मिमी, मॉडेलमध्ये ७३ मिमी. स्टडमध्ये काढलं तर ९.१. हा आकडा बघून आधी वाईट वाटलं, कारण ९ स्टडची गाडी म्हणजे विषम रुंदी, मध्यावर स्टड येतो, आणि बहुतेक भाग २, ४, ६, ८ अशा सम रुंदीचे, बोनेटपासून काचेपर्यंत सगळीकडे भांडण. मग सुचलं की आतला सांगाडा ८ स्टडचाच ठेवू, म्हणजे ६४ मिमी. बाजूंना ब्रॅकेट लावू, ब्रॅकेट म्हणजे काटकोनात वळलेली प्लेट, तिचा उभा भाग अर्ध्या प्लेटएवढा, १.६ मिमी जाड असतो. त्यावर बाहेरून गुळगुळीत टाइल, ३.२ मिमी. दोन्ही बाजू धरून हिशोब, ६४ + ३.२ + ६.४ = ७३.६. हवे होते ७३! अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास चूक, आणि वर बाजूचा पत्रा पूर्ण गुळगुळीत, एकही स्टड दिसत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच.

व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर, फियाटचं २३४० मिमी. भागिले २०, ११७ मिमी, म्हणजे १४.६ स्टड. १५ घेतले तर खऱ्या गाडीत ६ सेंटीमीटर लांबी वाढते आणि गाडी ताणलेली दिसते. जंपर प्लेट नावाचा एक छोटा भाग असतो, दोन स्टडच्या जागेत मध्यावर एकच स्टड, त्याने पुढचं सगळं अर्ध्या स्टडने सरकवता येतं. तो वापरून १४.५ केले, ११६ मिमी, चूक एक टक्क्याच्याही आत. एकूण लांबी साधारण ३.९ मीटर, मॉडेलमध्ये १९५ मिमी, त्यासाठी २४ स्टड आणि बंपरमध्ये एक आडवी प्लेट, १९५.२. लांबीचा प्रश्न तिथेच मिटला.

सगळंच असं जुळलं नाही. जुन्या गाड्यांचे टायर बारीक असतात, फियाटचा साधारण १३ सेंटीमीटर रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये साडेसहा मिमी हवा, आणि हातातला टायर १४ मिमी रुंद! दुप्पट. ही चूक कमी करता येत नाही, लपवावीच लागते. टायरची बाहेरची कड जिथे हवी तिथेच ठेवली, जास्तीची रुंदी आत, गाडीच्या पोटाखाली ढकलली, आणि वरून मडगार्ड थोडं खाली ओढलं. समोरून अगदी खाली वाकून बघितलं तरच कळतं. पण याची किंमत आत मोजावी लागते, दोन जाड टायरांच्या मध्ये चासिससाठी जेमतेम चार स्टडची पट्टी उरते आणि पूर्ण गाडीचं वजन त्यावर. पहिल्या वेळी तिथेच गाडी वाकली. मग प्लेटा एकमेकींवर चढवून, सांधा सांध्यावर येणार नाही अशा, तीन थरांत लावल्या, गवंडी भिंतीत विटा लावतो अगदी तसं, आणि वाकणं थांबलं.

समोरच्या काचेसाठी पायथागोरस लागला. उताराचे तयार तुकडे मिळतात, १८, ३३, ४५ अंशांचे वगैरे, पण फियाटची काच त्यातल्या कशातच बसत नाही, बाजूने काढलेल्या फोटोवर कोनमापक ठेवून मी मोजला तर ५० च्या थोडा वर आला. बिजागरीचा भाग लावून हवा तो कोन मिळतो, पण मोकळ्या बिजागरीवरची काच हात लागला की हलते, तिचं वरचं टोक कुठेतरी नीट टेकलं पाहिजे. ३-४-५ चा त्रिकोण सगळ्यांना माहीत असतो. तोच स्टडमध्ये धरून निम्मा केला, आडवे १२ मिमी म्हणजे दीड स्टड, उभे १६ मिमी म्हणजे पाच प्लेटा, आणि कर्ण २० मिमी म्हणजे अडीच स्टड. कोन ५३ अंश! पाच प्लेटा बरोबर दोन स्टड होतात म्हणून उभ्या आणि आडव्या मापांचं इथे जमतं, नाहीतर नसतं जमलं. एक गोष्ट नवीन लोक हमखास चुकतात ती सांगतो, त्रिकोण करताना स्टड मोजायचे नाहीत, स्टडमधली अंतरं मोजायची. सहा स्टडच्या पट्टीत अंतरं पाचच असतात.

छोट्या गोष्टींमध्ये स्केल स्वतःच निर्णय घेते. १:२० ला एक स्टड म्हणजे खऱ्या गाडीचे १६ सेंटीमीटर, त्यामुळे दाराची मूठ, वायपर, काचेभोवतीची क्रोमची पट्टी हे सगळं एका स्टडपेक्षा बारीक. सगळं दाखवायला गेलं तर प्रत्येक गोष्ट दुप्पट जाड होते आणि गाडी दागिन्यांनी लादलेली दिसते. मी मुठी ठेवल्या, वायपर सोडले. गोल हेडलाइटला एक स्टडची गोल टाइल पुरते. मागच्या मडगार्डवर फियाटला छोटे पंख होते, पन्नाशीच्या दशकातल्या फॅशनचे, ते चीज स्लोपने केले, म्हणजे चीजच्या फोडीसारखा दिसणारा एका स्टडचा उतरता तुकडा. ते पंख जरा मोठे झालेत, मापाने चूकच आहे, पण मी मुद्दाम तसेच ठेवलेत, कारण लोक गाडी ओळखतात ती दोनचार खुणांवरून, आणि त्या खुणा चुकीच्या दिशेने लहान झाल्या तर बाकी सगळं अचूक असूनही ती गाडी वाटत नाही. लेगोच्या स्वतःच्या स्पीड चॅम्पियन्स गाड्या २०१९ पर्यंत ६ स्टड रुंद असायच्या, २०२० पासून ८ केल्या, आणि फक्त दोन स्टडने ओळख किती बदलली ते शेजारी ठेवून बघा.

याचं दुसरं टोक म्हणजे २०१८ साली लेगोने बनवलेली बुगाटी शिरॉन, खऱ्या मापाची, १:१. टेक्निक या लेगोच्या यांत्रिक मालिकेतले दहा लाखांहून जास्त भाग, २३०४ छोट्या मोटर, वजन सुमारे दीड टन, भाग जोडायला गोंद नाही, आणि ताशी २० किलोमीटरच्या वर पळाली. तिथे स्केलचा प्रश्नच नाही कारण साडेचार मीटरच्या गाडीत ८ मिमीची पायरी डोळ्याला दिसतच नाही, पण प्रश्न ताकदीवर जातो, वजन कोण पेलणार, म्हणून आत स्टीलची चौकट घालावी लागली. गाडी मोठी झाली की दिसण्याची चूक कमी होते आणि पेलण्याची अडचण वाढते.

मी सगळं आधी कॉम्प्युटरवर उभं केलं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमनने १९९५ मध्ये ठोकळे कॉम्प्युटरवर मांडायची एलड्रॉ नावाची पद्धत काढली, आजच्या बऱ्याच ठोकळे-सॉफ्टवेअरच्या मुळाशी तीच आहे. तिचं एकक ०.४ मिमी, स्टड २० एककं, प्लेट ८, ब्रिक २४, म्हणजे अपूर्णांक जवळजवळ येतच नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, स्क्रीनवर गुरुत्वाकर्षण नसतं आणि तिथे कुठलाही भाग कुठल्याही रंगात मिळतो. मी टपासाठी निवडलेला एक वळणदार तुकडा पिवळ्यात मला मिळालाच नाही, टप दोनदा नव्याने काढावा लागला. टप पिवळा, खालचं सगळं काळं. काळ्यावर फटी दिसत नाहीत आणि पिवळ्यावर प्रत्येक फट दिसते, त्यामुळे सगळी मेहनत टपावर गेली आणि मला ते योग्यच वाटतं, उंचावरून बघितलं की मुंबईत आधी पिवळे टपच दिसायचे.

शेवटी राहिला मीटर. जुन्या टॅक्सीला तो बाहेर, डावीकडे पुढे असायचा, लोखंडी डबा आणि त्यावर खाली पाडायचा दांडा. डबा जेमतेम वीतभर. १:२० ला एक स्टडचा ब्रिक म्हणजे १६ सेंटीमीटर रुंद, १९ सेंटीमीटर उंच. एक काळा ब्रिक, वर एक छोटा लिव्हरचा भाग जो खरंच खाली पडतो. मॉडेलमधली ही एकच गोष्ट जिला काही सरकवावं, लपवावं, निम्मं करावं लागलं नाही.