आल्बममधली रिकामी चौकट

दहा टपाल तिकिटांच्या संचातली नऊ मिळाली की दहाव्यासाठी जीव टांगणीला लागतो. पहिल्याच्या वेळी एवढी ओढ नसते. मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी 1930च्या दशकात उंदरांमध्ये हेच पाहिलं: खाऊ जवळ येईल तसा उंदीर वेग वाढवतो.

दुसरी गंमत अनपेक्षिततेची. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेतत. ठरलेल्या इशाऱ्यानंतर मिळालेल्या रसाला त्या फारसा प्रतिसाद देत नसत. पोस्टमनचा गठ्ठा म्हणजे असाच अचानक मिळणारा रस होता. आता घरी येणाऱ्या पाकिटावर बहुधा बारकोड किंवा छापील शिक्का असतो. छंद ओसरल्याचं खापर मोबाइलवर फोडतात, पण मुळात फुकटची रसदच आटली आहे. पोस्टाच्या फिलाटेलिक डिपॉझिट (तिकीटसंग्राहकांसाठीच्या) खात्यात किमान 200 रुपये भरले की नवी तिकिटं घरपोच येतात. सोय उत्तम, पण त्यात घबाड लागत नाही!

आणि हातही ओले होत नाहीत. वापरलेलं तिकीट सोडवायचं तर भोवती सेंटिमीटरभर कागद ठेवून कापा आणि साध्या किंवा कोमट पाण्यात 15–20 मिनिटं ठेवा. डिंक विरघळला की ते आपणच सुटतं. घाईने ओढलं तर मागचा थर सोलवटतो. समोरून दिसलं नाही तरी किंमत पडते. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या वाटीत भिजवा, रंग उतरून इतर तिकिटं डागाळतात. स्टिकरसारख्या तिकिटांचा गोंद मात्र पाण्याला दाद देईलच असं नाही. सुटलेलं तिकीट स्वच्छ पाण्यातून काढून टीपकागदावर पालथं ठेवा, सुकत आलं की रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबा. बोटांचा तेलकटपणा लागू नये म्हणून चिमटा वापरा. सेलोटेप कधीच नको.

कोरी तिकिटं भिजवू नयेत. मागचा मूळ डिंक शाबूत असेल तरच त्यांना भाव. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हाच डिंक दमट हवेने चिकटतो, शिवाय बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. आल्बम उभा आणि सैल ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदला.

रद्दीत 1947 पूर्वीचं पाकीट सापडलं तर कात्री बाजूला ठेवा. शिक्का, पत्ता आणि तिकीट एकत्र असलेलं अख्खं पाकीट अनेकदा सुट्या तिकिटापेक्षा मोलाचं असतं.