सावो मिलोशेविच : तीन नावांच्या देशाचा स्ट्रायकर

सावो मिलोशेविच म्हटलं की इंग्लंडमधल्या जुन्या फुटबॉल प्रेक्षकांना आधी त्याचं टोपणनाव आठवतं : ‘मिस-अ-लॉट-एविच’, म्हणजे संधी दवडणारा. अ‍ॅस्टन व्हिला या इंग्लिश क्लबमधल्या दिवसांत चिकटलेलं हे नाव त्याच्यावर अन्याय करणारं आहे, असं मला मनापासून वाटतं. तो कुठून आला होता, याचा त्यात मागमूसही नाही.

त्याचा जन्म २ सप्टेंबर १९७३ चा, बियेलिनाचा. हे गाव तेव्हा युगोस्लाव्हियात होतं, आज बोस्निया-हर्झेगोविनात आहे. बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबच्या पहिल्या संघात तो स्थिरावत होता, तेव्हा देश फुटत होता. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले. युगोस्लाव्हियाला त्या वर्षीच्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या, स्पर्धेतून ऐन वेळी काढलं गेलं, त्यांच्या जागी आलेल्या डेन्मार्कने ती जिंकलीही. १९९४ च्या विश्वचषकाचं दारही बंद झालं. पार्टिझानसाठी लीगमध्ये साठहून अधिक गोल करणारा हा धिप्पाड डावखुरा पोरगा युरोपला दिसलाच नाही, कारण क्लबांनाही युरोपीय स्पर्धांची बंदी होती. डिसेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय संघ पुन्हा मैदानात उतरला, तो ब्राझीलविरुद्ध. मिलोशेविचचं पदार्पण त्याच सामन्यातलं.

१९९५ मध्ये व्हिलाने त्याच्यासाठी ३५ लाख पौंड मोजले. पहिल्याच हंगामात, मार्च १९९६ मध्ये, वेम्बलीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात लीड्सविरुद्ध त्याने डाव्या पायाने लांबून गोल ठोकला आणि व्हिलाने सामना ३-० असा जिंकला. पण सोप्या संधी हुकत राहिल्या, गॅलरीतून हुर्यो वाढत गेली. जानेवारी १९९८ मध्ये ब्लॅकबर्नमध्ये व्हिलाचा दारुण पराभव होत असताना तो आपल्याच समर्थकांच्या दिशेने थुंकला. ते चुकीचंच होतं. त्यानंतर त्याचं तिथे काही उरलं नाही. उन्हाळ्यात तो स्पेनला, सारागोसाला गेला, आणि १९९९-२००० च्या हंगामात त्याने लीगमध्ये २१ गोल केले.

मग आली २००० ची युरो स्पर्धा. बेलग्रेडवर नाटोचे बॉम्ब पडून जेमतेम वर्ष झालं होतं. सत्तेवर स्लोबोदान मिलोशेविच होते. आडनाव एकच, नातं काही नाही. १३ जूनला बेल्जियममधल्या शार्लेरुआ इथे पहिला सामना होता स्लोव्हेनियाशी, म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्यांच्यासोबत एकाच देशात राहत होते त्यांच्याशी. स्लोव्हेनियाची ही पहिलीच मोठी स्पर्धा, आणि ते ३-० ने पुढे. त्यात मिहाइलोविचला लाल कार्ड. युगोस्लाव्हिया दहा जणांवर. आणि मग ६७ व्या मिनिटाला बदली खेळाडू म्हणून आलेल्या मिलोशेविचने गोल केला, ७० व्याला द्रुलोविचने, ७३ व्याला पुन्हा मिलोशेविचने. सहा मिनिटांत ३-३. नॉर्वेविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच. स्पेनविरुद्धचा सामना ३-४ असा गेला, त्यातही पहिला गोल त्याचा. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सने सहा गोल चढवले, तरी अखेरच्या क्षणी संघाचा एक गोल त्याने केलाच. एकूण पाच गोल, नेदरलँड्सच्या क्लायव्हर्टच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वाधिक.

त्या बळावर पार्मा क्लबने मोठी किंमत मोजली, पण इटली त्याला मानवली नाही. खरा सूर पुन्हा स्पेनमध्येच लागला. पांप्लोनाच्या ओसासुनासारख्या लहान क्लबबरोबर तो २००५ मध्ये स्पेनच्या किंग्ज कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पुढच्या हंगामात संघ लीगमध्ये चौथा आला. निवृत्तीच्या उंबरठ्यावर, २००८ मध्ये, रशियातल्या रुबिन कझानला पहिलं विजेतेपद मिळवून देण्यातही त्याचा हात होता.

राष्ट्रीय संघाचं नाव मात्र त्याच्या अंगावरच बदलत गेलं. आधी युगोस्लाव्हिया. २००३ पासून सर्बिया आणि माँटेनेग्रो. २००६ च्या विश्वचषकात तो कर्णधार होता, तेव्हा तर माँटेनेग्रो स्वतंत्र झालेला होता, तरी संघ जुन्याच नावाने खेळला आणि तिन्ही सामने हरला. एकूण १०२ सामने, ३७ गोल.

निरोपाचा सामना १९ नोव्हेंबर २००८ ला बेलग्रेडमध्ये झाला, बल्गेरियाविरुद्ध. आता जर्सी फक्त सर्बियाची होती. अर्ध्या तासात त्याने दोन गोल केले, दोन पेनल्टी दवडल्या, आणि ३४ व्या मिनिटाला मैदान सोडलं. सर्बियाने सामना ६-१ असा जिंकला.