दोन सिलिंडरमधली चिंचोळी पट्टी

जुन्या मिनी गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडलं की मी आधी पिस्टन बघत नाही. हेड आणि खालचा सिलिंडरांचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, यांच्यामधलं गॅस्केट अलगद सोडवून घेतो, पुसतो आणि उजेडात धरतो. परवाच्या गॅस्केटवर पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरची भोकं स्वच्छ होती. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये जी बोटभरही रुंद नसलेली पट्टी असते, तिच्यावर मात्र आडवी काळी वाट पडली होती. तिथली पत्र्याची कडी, म्हणजे फायर रिंग, कुरतडल्यासारखी झाली होती आणि आतला ग्राफाइट नखाने भुरभुरत होता. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये साठणारा दाब, मोजलं तेव्हाच संशय आला होता, कारण शेजारशेजारच्या या दोनच सिलिंडरांचा दाब एकदम पडला होता. गाडीच्या मालकाचं म्हणणं होतं, "गॅस्केट हलकं निघालं, या वेळी रेसिंगचं टाकू." माझा अनुभव असा की उडालेलं गॅस्केट बहुतेक वेळा निर्दोष असतं. दुखणं दुसरीकडे असतं, ते फक्त तिथे दिसतं.

या इंजिनाचा इतिहासच त्या पट्टीचा इतिहास आहे. ब्रिटनमधलं हे 'ए-सीरिज' इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए-३० गाडीत आलं तेव्हा ८०३ सीसीचं होतं आणि त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, होता ५८ मिलिमीटर. १९५९ च्या पहिल्या मिनीत ते ८४८ सीसीचं झालं, बोअर ६२.९. पुढे कूपर एस या वेगवान मिनी गाड्यांसाठी बोअर ७०.६ पर्यंत गेला आणि १२७५ सीसीचं इंजिन तयार झालं. ब्लॉकची लांबी मात्र जवळपास तीच राहिली. मग जागा आली कुठून? सिलिंडरच्या मधल्या भिंतींतून. आज हौशी मंडळी हेच इंजिन ७३.५ मिलिमीटरपर्यंत बोअर करून १३८० सीसीचं बांधतात. म्हणजे आधीच अरुंद असलेल्या पट्टीतून आणखी जवळपास तीन मिलिमीटर जातात.

आता त्या पट्टीवर काय गुदरतं ते बघा. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल पेटलं की सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या साठपटीच्या घरात जाऊ शकतो. ७३.५ मिलिमीटरच्या बोअरवर हिशोब केला तर हेड वर उचलू पाहणारा जोर येतो सुमारे अडीच टन, आणि तोही मिनिटाला हजारो वेळा. हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे असले तरी या जोराने हेड किंचित, डोळ्यांना दिसणार नाही इतकं, उचललं जातं आणि पुन्हा बसतं. गॅस्केटचं खरं काम इथे सुरू होतं. हेड वर गेलं की त्याच्या मागोमाग फुगायचं, खाली आलं की दबायचं आणि या खेळात गॅस, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांना भेटू द्यायचं नाही. गॅस्केट म्हणजे स्प्रिंग आहे हे ध्यानात ठेवलं की निवड निम्मी सोपी होते.

दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्येच ते का जळतं, त्याचं उत्तर हेडच्या रचनेत आहे. या हेडला चार सिलिंडरांसाठी एक्झॉस्टची तीनच तोंडं आहेत. कडेच्या दोघांना स्वतंत्र, मधल्या दोघांना मिळून एक. दोघांचा जाळ एकाच वाटेने बाहेर पडतो, त्यामुळे हेडचा मधला भाग सर्वांत जास्त तापतो आणि नेमकी तिथेच गॅस्केटला पाय रोवायला जागा सर्वांत कमी.

बाजारात मुख्यतः तीन घराणी आहेत. पोलादी गाभ्यावर ग्राफाइटसारखा मऊ थर आणि भोकांना धातूची कडी असलेलं कॉम्पोझिट, स्प्रिंगच्या पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून केलेलं बहुस्तरीय, म्हणजे एमएलएस, आणि निव्वळ तांब्याचं. (चौथं म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावर जपून ठेवलेलं जुनं तांबं-अॅस्बेस्टॉसचं. ते कितीही कोरं दिसलं तरी घेऊ नका. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली ती फुप्फुसांच्या काळजीने.)

एमएलएसबद्दल कौतुक फार ऐकू येतं आणि ते खोटं नाही. त्यातल्या पत्र्यांना भोकाभोवती उठावाची कड असते, ती स्प्रिंगसारखी दबते-उठते. पण पोलाद खाचा भरून काढत नाही. त्याला पृष्ठभाग साधारण ०.८ मायक्रोमीटरच्या आत गुळगुळीत लागतो. माणसाचा केस ७० मायक्रोमीटरच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज येईल. पट्ट्यावर घासून 'फेस', म्हणजे सपाट, केलेल्या जुन्या ब्लॉकवर महागडं एमएलएस बसवलं तर पाणी पहिल्याच दिवशी झिरपतं. कॉम्पोझिट मऊ असल्यामुळे बारीकसारीक ओरखडे सामावून घेतं. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या, माफक बदल केलेल्या मिनीसाठी मी चांगल्या प्रतीचं, टर्बो इंजिनासाठी केलेलं कॉम्पोझिटच सुचवतो. तांबं जास्त दाबाच्या शर्यतीच्या इंजिनात शोभतं. ते बसवण्याआधी तापवून मऊ करावं लागतं, कडेला तारेची रिंग लागते आणि पाण्याच्या भोकांपाशी ते लवकर रुसतं.

मग येते जाडी, आणि इथे लोक अंदाजाने चालतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हिशोब शाळकरी आहे. १३८० च्या एका सिलिंडरमध्ये ३४५ सीसी मावतात. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट ते, १०.५ हवा असेल तर पिस्टन वर आल्यावर ३६.३ सीसी जागा उरायला हवी. गॅस्केटचं भोक ७५ मिलिमीटरचं असेल तर दबल्यावर ०.८ मिलिमीटर जाडीचं गॅस्केट त्यातले साडेतीन सीसी व्यापतं. तेच दीड मिलिमीटरचं घातलं की तीन सीसी वाढतात आणि रेशो थेट ९.७५ वर येतो. शिवाय पिस्टन आणि हेडमधली फट वाढते, मिश्रण नीट घुसळलं जात नाही आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं आपोआप भडकणं, थांबेल म्हणून जाड गॅस्केट घालणाऱ्याच्या पदरी कधीकधी नॉकिंगच पडतं. नॉकिंग हा गॅस्केटचा सर्वांत मोठा वैरी. त्यात दाब हातोडीच्या घावासारखा येतो आणि कडी पिचत जाते. इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, चुकलेलं असेल तर जगातलं कोणतंही गॅस्केट फार दिवस टिकत नाही.

परवाच्या त्या ब्लॉकवर सरळ पोलादी पट्टी ठेवली आणि खालून विजेरी लावली. पट्टी मधोमध टेकत नव्हती. हेड आवळणाऱ्या प्रत्येक स्टडच्या, म्हणजे ब्लॉकमध्ये रोवलेल्या आट्याच्या दांड्याच्या, भोकाभोवती बिडाची बारीक गोल कड वर आली होती. वर्षानुवर्षं नट ओढून ओढून स्टडने धातूच वर खेचला होता. हेड त्या कडांवर तरंगत होतं आणि सिलिंडरांमधल्या पट्टीपाशी दाब पोचतच नव्हता. फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांपैकी, ०.०५ मिलिमीटरचं पान आरामात आत गेलं. भोकांची तोंडं किंचित खोलगट करून ब्लॉक फेस केला, स्टड नवे घातले. मूळच्या कूपर एस इंजिनांना साध्या मिनीच्या नऊऐवजी अकरा ठिकाणी हेड आवळलेलं असे, ते हेडची पकड वाढावी म्हणून.

आपल्याकडे कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचं गणित आणखी निराळं. तिचा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. चाळीस सेंटीमीटरची लांबी धरा आणि तापमान ८० अंशांनी वाढू द्या, अॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास ०.४ मिलिमीटर जास्त लांबतं. तिथे गॅस्केटला दबण्या-उठण्याबरोबर घसटणंही सोसावं लागतं, म्हणून दोन्ही बाजूंना निसरडा लेप असलेलं घ्यावं.

विकत घेतलेलं गॅस्केट आधी कोरडंच ब्लॉकवर ठेवून बघा. बोअरच्या आत कडी डोकावत असेल तर ती निखाऱ्यासारखी लाल होईल आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवेल. ७०.६ च्या इंजिनासाठी केलेलं गॅस्केट ७३.५ ला चालत नाही ते यामुळे. नट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत आवळायचे. मग इंजिन एकदा पूर्ण तापवायचं, रात्रभर गार होऊ द्यायचं आणि बनवणाऱ्याने मनाई केली नसेल तर सकाळी टॉर्कचा पाना घेऊन पुन्हा मधल्या नटापासून सुरुवात. शेवटी व्हॉल्व्हची फट नव्याने मोजायची, कारण रात्रीतून हेड केसभर खाली बसलेलं असतं.