कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ: तक्रार अर्ज कुठे अडतो आणि तो कसा द्यायचा

लैंगिक छळाची तक्रार परत येते तेव्हा कारण बहुधा घटनेशी संबंधित नसतं. मुदत उलटून गेली, अर्ज भलत्याच समितीकडे गेला, सही नाही, तारखा नाहीत, ही कारणं असतात. जे सांगायलाच बाईला महिनोन्‌महिने लागले, ते कागदाच्या एका त्रुटीपायी न ऐकताच बंद होतं. म्हणून नेहमीच्या पायऱ्या इथे थोडक्यात सांगते आणि जिथे गाडी अडते तिथे जास्त थांबते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, 'पॉश' या नावाने ओळखला जातो. तक्रार कोणत्याही वयाची स्त्री करू शकते. कायम, कंत्राटी, रोजंदारीवरची, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी स्वयंसेविका, सगळ्या यात येतात. दवाखान्यात आलेली रुग्ण किंवा कार्यालयात कामासाठी आलेली बाईही येते, ती तिथे नोकरीला नसली तरी. शेत, बांधकाम, ऊसतोडीचा फड, घरकाम आणि मालकाने दिलेली गाडी ही सगळी कामाचीच ठिकाणं. 'तुम्ही आमच्या पगारपत्रकावर नाही' असं सांगून कोणी परत पाठवलं तर ते चूक आहे.

समिती कोणती?

दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायलाच हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतला. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो.

पहिली अडचण इथेच येते. समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावायची सक्ती आहे, पण बहुतेक ठिकाणी तो कोणी पाहिलेलाच नसतो. बाई मनुष्यबळ विभागाच्या साहेबांना तोंडी सांगते, ते 'बघतो' म्हणतात आणि तिला वाटतं तक्रार झाली. तक्रार झालेली नसते. अर्ज 'अध्यक्ष, अंतर्गत समिती' यांच्याच नावे लिहा आणि आदेशाची प्रत लेखी मागा. समितीच नसेल, तर ते नमूद करून स्थानिक समितीकडे जा.

स्थानिक समितीचा पत्ता मिळवणं हे वेगळंच दुखणं. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे विचारा. प्रत्येक तालुक्यात आणि शहरी प्रभागात अर्ज स्वीकारणारा नोडल अधिकारी असायला हवा आणि त्याने तो सात दिवसांत पुढे पाठवायला हवा. हा अधिकारी कोण, हे तहसील कार्यालयातल्या टेबलांना ठाऊक नसतं आणि बाईला टेबलामागून टेबल फिरवलं जातं. गोवा विद्यापीठातल्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे कायदा होऊन अकरा वर्षांनी, जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या बसवा, असं राज्यांना तारखा घालून सांगावं लागलं. तेव्हा 'आमच्याकडे असं काही नाही' हे उत्तर मान्य करू नका. अर्ज टपाल टेबलावर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. दिल्लीत कोणी निकाल देईल अशा आशेने अनेकजणी तिथे जातात. ती तक्रार फिरून तुमच्याच ठिकाणच्या अंतर्गत समितीकडे किंवा तुमच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे येते. उपयोग आहे, कारण नोंद राहते आणि तक्रार कुठे पोहोचली ते पाहता येतं.

मुदत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून नीट वाचा. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. एकापेक्षा जास्त घटना असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. पहिल्या घटनेपासून मोजून 'आता उशीर झाला' म्हणत कितीजणी घरी बसतात. उलट काहीजणी राजीनाम्याच्या किंवा बदलीच्या तारखेपासून मोजतात आणि फसतात. पश्चिम बंगालमधल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेची तक्रार अशीच मुदतबाह्य ठरली. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार त्याच वर्षीच्या डिसेंबरची. मधल्या काळात पदावरून काढणं वगैरे ज्या कारवाया झाल्या, त्या प्रशासकीय होत्या, छळाचा पुढचा भाग नव्हत्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये धरलं.

समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्यासाठी उशिराचं कारण पटायला हवं आणि तसं तिने लेखी नोंदवायला हवं. म्हणजे सगळं मिळून सहा महिने. उशीर झाला असेल तर अर्जातच वेगळा परिच्छेद लिहा: आजारपण, धमकी, गावी जावं लागणं, नोकरी जाण्याची भीती, जे खरं असेल ते, तारखांसह. हा परिच्छेद नसला की समिती आपणहून विचारत नाही, अर्ज सरळ बंद करते.

अर्जात काय लिहायचं, काय जोडायचं

साधा कागद चालतो. स्टॅम्प पेपर, नोटरी, शपथपत्र यांतलं काहीही कायद्यात मागितलेलं नाही. कोणी मागितलं तर 'नियम दाखवा' म्हणा. घटना क्रमाने लिहा: तारीख, वेळ, जागा, तो काय बोलला, काय केलं, आसपास कोण होतं. तारीख पक्की आठवत नसेल तर 'गणपतीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात' असं लिहिलेलं चालतं, खोटी तारीख नको. त्याचे शब्द लिहायला लाज वाटते आणि 'अश्लील बोलले' एवढ्यावर अर्ज संपतो. मग चौकशीत नेमकं काय बोलले ते उरतच नाही. जमेल तितकं जसंच्या तसं लिहा. लिहिता येत नसेल, तर समितीच्या अध्यक्षांनी किंवा सदस्यांनी लिहून घ्यायचं, हे त्यांचं कर्तव्य आहे.

सहा प्रती, सोबत असलेली कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते, एवढं नियमात आहे. आता एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: यातली एक प्रत सात कामकाजाच्या दिवसांत सामनेवाल्याकडे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे जाते. हे कळल्यावर अनेकींना धक्का बसतो. म्हणून साक्षीदाराला विचारल्याशिवाय त्याचं नाव टाकू नका. कोणाला धोका वाटत असेल तर तो अध्यक्षांना आधी लेखी कळवा.

पुरावा नाही म्हणून थांबू नका. अशा गोष्टी चारचौघांत क्वचितच घडतात आणि तुमचं सुसंगत कथन हासुद्धा पुरावाच असतो. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून तुमच्यावर कारवाई होत नाही. त्यासाठी मुद्दाम, दुष्ट हेतूने खोटं सांगितल्याचं चौकशीत ठरावं लागतं. व्हॉट्सअॅप संदेश मात्र पुसू नका. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा आणि तुमच्या नावचे मेल आजच वेगळे जपा, कारण राजीनाम्याच्या संध्याकाळी ऑफिसचं खातं बंद होतं.

गुप्तता

निनावी पत्रावर बहुधा चौकशी होत नाही. भीतीपोटी निनावी लिहिणाऱ्या बायांची तगमग कळते, पण सुरक्षित वाट दुसरी आहे: घटनेची माहिती असलेली व्यक्ती तुमच्या लेखी संमतीने तुमच्या वतीने अर्ज देऊ शकते. तुमचं, सामनेवाल्याचं आणि साक्षीदारांचं नाव, पत्ता, तक्रारीतला मजकूर लोकांत किंवा वर्तमानपत्रांत आणायला कलम १६ ने बंदी आहे. नियमांत त्यासाठी पाच हजार रुपये वसुली आहे. कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणल्याची ही भरपाई अगदीच तोकडी आहे. ही बंदी तुम्हालाही लागू आहे, तेव्हा स्टेटसवर नाव टाकू नका. मैत्रिणीशी, समुपदेशकाशी, वकिलाशी बोलायला मात्र काहीच आडकाठी नाही. एकटं सहन करू नका.

चौकशी चालू असताना बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, तुमच्या कामाचा गोपनीय अहवाल सामनेवाल्याने लिहू नये, हे मागता येतं. पण लेखी मागावं लागतं, न मागता मिळत नाही. तडजोड फक्त तुम्ही मागितली तरच होते, पैशांच्या बदल्यात होऊ शकत नाही आणि एकदा सही झाली की पुढची चौकशी थांबते. 'घरी मुलंबाळं आहेत त्यांची' असं सांगत कोणी कागद पुढे केला, तर तो वाचून घरी न्या, त्याच दिवशी सही नको.

चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, मालकाची कारवाई साठ दिवसांत. समितीपुढे दोन्ही बाजूंना वकील नेता येत नाही, पण अर्ज लिहिताना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत सल्ला मिळतो आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पोलीस तक्रार वेगळी आहे, समितीकडे गेलात म्हणून ती बंद होत नाही. घरकामगार बाईने एवढं लक्षात ठेवावं, की तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर स्थानिक समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते, तेव्हा त्याची तयारी आधी करावी. छळ झालेली मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर समितीची वाट पाहू नका, थेट पोलिसांत जा.

समितीची शिफारस पटली नाही, किंवा ती कपाटातच पडून राहिली, तर नव्वद दिवसांत अपील आहे. अहवालाची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. ती हातात पडली की मिळाल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा.