कलावंतांसाठी संधी-अनुदान

चित्रकार, गायिका, नर्तक किंवा नाटककार यांना कारकिर्दीत पुढचे पाऊल टाकण्याची संधी आलेली असते, पण हाताशी पैसे नसतात. अशा वेळी सरकार, अकादमी किंवा खासगी न्यास थेट त्या व्यक्तीला जी रक्कम देतात, तिला संधी-अनुदान म्हणता येईल. परदेशातल्या प्रदर्शनाचे निमंत्रण, एखाद्या रेसिडेन्सीतली, म्हणजे कलावंताला काही काळ राहून काम करू देणाऱ्या ठिकाणची जागा, महोत्सवातला प्रयोग किंवा दूरच्या गुरूकडे काही महिने राहून शिकणे अशा कारणांसाठी ते मिळते. पुरस्कार झालेल्या कामाचा असतो आणि मानधन उतारवयातला आधार असते. हे अनुदान मात्र अजून न झालेल्या कामावर विश्वास ठेवून दिले जाते आणि त्याचे मोलही त्यातच आहे.

निमंत्रण आले म्हणजे सगळे जमले, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रवासाचे तिकीट, व्हिसाचे शुल्क, चित्रांच्या चौकटी, ती लाकडी पेट्यांत बांधून पाठवण्याचा आणि त्यांच्या विम्याचा खर्च अनेकदा कलावंतावरच पडतो. गायिकेला तबलजी आणि संवादिनीवादकाचा प्रवासही धरावा लागतो. शिवाय महिना-दोन महिने बाहेर राहिल्याने शिकवण्या बुडतात, घरभाडे मात्र चुकत नाही. म्हणून अर्जात सहसा निमंत्रणाचे पत्र, आधीच्या कामाचे नमुने आणि खर्चाचा अंदाज मागतात. या संधीने कामात नेमका काय फरक पडेल, हेही लिहावे लागते. निवड बहुधा त्याच क्षेत्रातल्या जाणकारांची समिती करते. काम संपल्यावर अहवाल आणि खर्चाचा हिशेब द्यावा लागतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट संस्थात्मक रूपाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. अलिबागजवळच्या सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले. त्यांच्या मदतीने हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचला आणि पुढे 1920 च्या सुमारास लंडनला शिकायला गेला. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1928 साली उभा राहिला, तो याच करमरकरांच्या हातचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आणि बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी गायक, चित्रकार, मल्ल यांना आश्रय दिला. मात्र दरबारी आश्रय एका माणसाच्या नजरेवर आणि मर्जीवर उभा असतो. ज्याच्या वाटेवर रॉथफील्ड आला नाही, त्याचे काय? जाहीर नियम, अर्ज आणि निवड समिती हे सगळे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच आले.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या चित्रकारांच्या वाट्याला आलेल्या परदेशी शिष्यवृत्त्या हा या इतिहासातला सर्वांत समृद्ध भाग आहे. सय्यद हैदर रझा 1950 साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि तिथल्या एकोल दे बोझार्त या कलाशाळेत शिकले. जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी 1963 मध्ये स्थापलेल्या निधीतून वासुदेव गायतोंडे 1964 साली न्यूयॉर्कला गेले आणि 1968 मध्ये तय्यब मेहता गेले. नागपुरात गोव्याच्या कुटुंबात जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले गायतोंडे मुळातच कमी बोलणारे आणि कमी रंगवणारे होते. त्यांच्यासारख्याला ठरावीक चित्रे अमुक तारखेला द्या, अशी अट घातली असती, तर काहीच हाती लागले नसते. या निधीने त्यांना दिले ते एका मोठ्या कलानगरीत राहण्याचे, पाहण्याचे आणि विचार करण्याचे अवकाश. पुढे 1980 मध्ये याच कार्याचा वारसा एशियन कल्चरल कौन्सिल या संस्थेकडे आला. नाटककार सतीश आळेकरांनी 1983 साली अमेरिकेत जाऊन तिथली रंगभूमी अभ्यासली ती या संस्थेच्या फेलोशिपवर.

एका व्यक्तीला दिलेला पैसा किती जणांपर्यंत पोहोचू शकतो, याचे उत्तम उदाहरण अकबर पदमसी यांचे आहे. 1969 मध्ये त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. ती रक्कम त्यांनी केवळ स्वतःच्या चित्रांवर खर्च केली नाही. मुंबईत व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप नावाची जागा सुरू करून तिथे एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरलेले चित्र छापण्याचा प्रेस, डार्करूम आणि 16 मिमीचा कॅमेरा आणला. चित्रकार, छायाचित्रकार आणि सिनेमावाले एकाच खोलीत येऊन एकमेकांची साधने वापरू लागले. तेव्हा नुकतेच शिक्षण संपवलेल्या नलिनी मलानी यांनी छायाचित्रण आणि चित्रपटाचे पहिले प्रयोग इथेच केले. पदमसींनी स्वतः दोन लघुपट केले. त्यातल्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकमेव प्रत पुढे हरवली. हिशेबाच्या वहीत हा प्रयोग तोट्याचाच दिसला असता. तरीही भारतातल्या प्रायोगिक चित्रपटाचा आणि व्हिडिओ-कलेचा इतिहास या खोलीला वगळून लिहिता येत नाही. श्याम बेनेगल यांचेही असेच. 1970 ते 1972 या काळात होमी भाभा फेलोशिपवर ते अमेरिकेत दूरचित्रवाणीचे काम पाहून आले आणि 1974 मध्ये ‘अंकुर’ आला. चित्रपटामागे फेलोशिपच होती, असा सरळ दावा करता येणार नाही. जाहिरातपटांच्या धबडग्यातून बाहेर काढणारी दोन वर्षे मात्र तिनेच दिली.

अमेरिकेत वैयक्तिक कलावंताला मदत देण्याची परंपरा 1925 मध्ये सुरू झालेल्या गुगेनहाइम फेलोशिपपर्यंत मागे जाते. 1965 साली नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स ही केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि तिने व्यक्तींनाही अनुदाने दिली. 1989 मध्ये आंद्रेस सेरानो आणि रॉबर्ट मेपलथॉर्प यांच्या छायाचित्रांवरून राजकीय वादळ उठले. नव्वदच्या दशकाच्या मध्यात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, व्यक्तींना दिली जाणारी बहुतेक अनुदाने बंद केली. साहित्यिकांची मात्र टिकली. करदात्यांच्या पैशातून न आवडणारे चित्र का काढू द्यायचे, हा प्रश्न तिथे अनुदानाच्या मुळावर आला. ती पोकळी भरायला 1999 मध्ये क्रिएटिव्ह कॅपिटल ही खासगी संस्था निघाली. पैशाबरोबर कलावंताला व्यवहाराचे मार्गदर्शनही देणे, हे तिचे वैशिष्ट्य.

दुसरीकडे, अमेरिकेतल्या ऑरेगनसारख्या राज्यांच्या कला आयोगांनी लहान रकमांची अनुदाने चालवली आहेत. शीर्षकात म्हटले आहे, तो प्रकार नेमका हाच. रक्कम माफक असते आणि वर्षातून अर्जाच्या एकाहून अधिक फेऱ्या ठेवल्या जातात, कारण निमंत्रण काही आर्थिक वर्षाची वाट पाहून येत नाही. इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने 2018 मध्ये कलावंताच्या स्वतःच्या वाढीसाठी वेगळा निधी सुरू केला. त्यात सुरुवातीला 2,000 ते 10,000 पौंड मिळत. प्रयोग किंवा प्रदर्शन करून दाखवलेच पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही. संशोधन, प्रवास आणि सराव यांनाही काम मानणे हे फार शहाणपणाचे धोरण आहे.

भारतात केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजना सर्वांत व्यापक आहेत. 18 ते 25 वयाच्या कलावंतांना दोन वर्षे दरमहा 5,000 रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. 25 ते 40 वयोगटासाठी कनिष्ठ फेलोशिप दरमहा 10,000 रुपयांची आणि चाळिशीच्या पुढे ज्येष्ठ फेलोशिप 20,000 रुपयांची आहे. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, ही व्यवस्था पाहते. शास्त्रीय संगीत-नृत्याबरोबर नाटक, दृश्यकला आणि लोककलाही यात येतात, ही मोठी जमेची बाजू. अडचण रकमेची आणि हप्त्यांची आहे. शिष्यवृत्तीचे पैसे सहामाही हप्त्यांनी येतात. पुण्यात खोली भाड्याने घेऊन गाणे शिकणाऱ्या मुलीला भाडे दरमहा द्यावे लागते, आणि 5,000 रुपयांत ती खोलीही मिळत नाही.

महाराष्ट्रात कलावंतांना मिळणारे सरकारी पैसे मुख्यतः दोन टोकांना दिसतात. एका टोकाला राज्य पुरस्कार आहेत. दुसऱ्या टोकाला ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना आहे. आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेचे मानधन 2024 मध्ये दरमहा 5,000 रुपये झाले. थकलेल्या शाहिराला आणि तमाशा कलावंताला ते मिळालेच पाहिजे, किंबहुना अधिक मिळाले पाहिजे. पण तिशी-चाळिशीतल्या, अंगात रग असलेल्या दशावताऱ्याला किंवा सोंगाड्याला नवे वगनाट्य बसवायला, परप्रांतीच्या लोकनाट्याबरोबर काम करून पाहायला, ध्वनिमुद्रण करून ठेवायला पैसे कुठून आणायचे? उमेदीची वर्षे कर्जात काढून पुढे मानधनासाठी रांगेत उभे राहायचे, ही त्याच्यापुढची वाट बदलायला हवी, आणि ती थोड्या पैशांत बदलता येण्यासारखी आहे.

अर्जाची भाषा हा या क्षेत्रातला आणखी एक अडसर आहे. प्रस्ताव, उद्दिष्टे, अपेक्षित फलित या साच्यात आपले काम मांडायला शहरातल्या कलाशाळेत शिकलेला मुलगा लवकर सरावतो. पिढीजात वाजवणाऱ्या संबळवादकाला ते जमत नाही, आणि त्याच्या हाताशी कुणी मदतनीसही नसतो. खर्च आधी करा, पावत्या दाखवा, मग पैसे घ्या, अशी पद्धत असेल तर ज्याच्याकडे साठवलेले पैसे नाहीत तो पहिल्याच पायरीवर गळतो. बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सने याबाबतीत चांगला पायंडा पाडला आहे. 1993 मध्ये स्थापन झालेली ही स्वतंत्र संस्था 1995 पासून संशोधन, कलाव्यवहार आणि कलाशिक्षण यांसाठी अनुदाने देते आणि इंग्रजीखेरीज इतर भारतीय भाषांतले प्रस्तावही स्वीकारते. म्हणजे मराठीतून अर्ज करता येतो. दिल्लीतले रझा फाउंडेशनही तरुण चित्रकार, कवी आणि गायक-नर्तकांना पाठबळ देते. 1950 साली शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेलेल्या रझांनीच ते 2001 मध्ये स्थापन केले.