डॅशबोर्डवरचा काटा आणि हायड्रॉलिक तेलाचे तापमान

ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर तापमानाचा जो काटा असतो, तो इंजिनात फिरणाऱ्या कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान दाखवतो. लिफ्ट, लोडर किंवा हायड्रॉलिक मोटर चालवणाऱ्या तेलाशी त्याचा थेट संबंध नसतो. तरीही काटा हिरव्या पट्ट्यात दिसला की हायड्रॉलिकही ठीक आहे असे गृहीत धरले जाते.

कूलंटवर थर्मोस्टॅटचा पहारा असतो. कूलंट पुरेसे तापले की तो उघडतो आणि रेडिएटरकडची वाट मोकळी करतो, त्यामुळे हिवाळा असो वा उन्हाळा, काटा साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्थिरावतो. हायड्रॉलिक तेलाला असा पहारेकरी बहुधा नसतो. बाहेरची हवा आणि कामाचा भार यांप्रमाणे त्याचे तापमान वरखाली होते. म्हणूनच ९० अंश हा आकडा कूलंटसाठी नेहमीचा, पण तेलासाठी धोक्याचा. तेलाला साधारण ५० ते ७० अंश मानवतात. ८० अंश ओलांडल्यावर सील कडक होऊ लागतात, पातळ झालेले तेल पंपाच्या आतल्याच फटींतून मागे झिरपते आणि ऑक्सिडेशनचा, म्हणजे ऑक्सिजनमुळे तेल खराब होण्याचा, वेग दर १० अंशांना अंदाजे दुपटीने वाढतो. अनेक ट्रॅक्टरांत हेच तेल गिअरबॉक्स आणि ब्रेकलाही पुरवले जात असल्याने नुकसान लिफ्टपुरते राहत नाही.

तेल तापण्याचे कारणही वेगळे आहे. लिव्हर ओढलेला राहिला आणि पंपाचे सारे तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल टाकीकडे सोडणाऱ्या झडपेतून) परतू लागले, तर मिनिटाला ४० लिटर प्रवाह आणि १८० बार दाब या हिशेबाने १२ किलोवॉट शक्ती निव्वळ उष्णतेत जाते. ४० लिटर तेल तेवढ्याने मिनिटाला सुमारे १० अंशांनी तापू शकते. डॅशबोर्डवरचा काटा त्या वेळी जागचा हलेलच असे नाही.

तेलासाठी स्वतंत्र गेज बसवायचा असेल, तर सेन्सर टाकीत किंवा परतीच्या नळीत असावा. पंपाच्या सक्शन नळीत नवा जोड देणे मला तरी जोखमीचे वाटते, कारण तिथून हवा आत ओढली जाऊ शकते. गेज आणि सेन्सर एकमेकांशी जुळणारेच घ्यावेत, नाहीतर आकडा चुकीचा येतो. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर कमी तापमान दाखवतो, म्हणून तो रंगवलेल्या, चमक नसलेल्या जागी रोखावा. तिथेही आतले तेल पृष्ठभागापेक्षा थोडे गरमच असते.

कूलंटचा आकडा आहे तसा वाचता येतो, तेलाच्या आकड्यातून मात्र हवेचे तापमान वजा करून पाहावे लागते. ४० अंशांच्या दुपारी तेल ७० अंशांवर जाणे समजण्यासारखे आहे. तेच काम १५ अंशांच्या सकाळी करताना तेल ७० वर गेले, तर तेलाची पातळी, ऑइल कूलरच्या जाळीतला कचरा आणि रिलीफ व्हॉल्व्ह, या क्रमाने तपासणी सुरू करावी.