पोटातल्या चौदा इंजेक्शनांपासून दंडातल्या ०.१ मिलिलिटरपर्यंत

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत अजून टिकून आहे. तिच्यापायी लोक दवाखाना टाळतात आणि जखमेवर मिरची किंवा चुना लावून बसतात. धास्ती निराधार मात्र नव्हती. १९११ साली कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवून आणि तो फिनॉलने निष्क्रिय करून लस तयार केली. ती स्वस्त होती, साध्या प्रयोगशाळेत बनवता येत होती, म्हणून अनेक देशांनी उचलली. मात्रा मोठी असल्याने ती पोटाच्या त्वचेखाली रोज टोचावी लागे. तिच्यात मेंदूच्या ऊतीचा अंश उरत असे. त्याविरुद्ध चेतलेली प्रतिकारशक्ती काही रुग्णांच्या स्वतःच्याच चेतासंस्थेवर उलटे आणि लस घेणाऱ्याला पक्षाघात होई. तरीही भारतात ही लस २००४ च्या अखेरपर्यंत बनत होती.

दुसरी अडचण वेळेची होती. लस टोचल्यावर शरीरात पुरेशी प्रतिद्रव्ये (विषाणूला निकामी करणारी प्रथिने) तयार व्हायला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. चावा डोक्याला किंवा मानेला असेल, तर विषाणूला मेंदूपर्यंत जायला अंतर थोडे असते आणि लस मागे पडते. जागतिक आरोग्य संघटनेची रेबीज तज्ज्ञ समिती १९५० मध्ये पहिल्यांदा भरली, तेव्हा हाच प्रश्न समोर होता. तयार प्रतिद्रव्यांचा सीरम सोबत द्यावा, ही कल्पना प्राण्यांवर खरी उतरली होती; माणसांतला पुरावा नव्हता. तेहरानच्या पाश्चर संस्थेत बाल्ताझार आणि बहमनयार यांनी सीरमचा साठा आणि उपचारांची आखणी तयार ठेवली. ऑगस्ट १९५४ मध्ये एका पिसाळलेल्या लांडग्याने एकाच गावातल्या २९ जणांना चावे घेतले. त्यांपैकी १८ जणांना डोक्यावर जखमा होत्या. फक्त लस मिळालेल्या पाचांपैकी तिघे दगावले. लस आणि सीरम दोन्ही मिळालेल्या तेरांपैकी एकच. आकडे लहान आहेत, पण तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे त्वचा फाटून रक्त आलेल्या चाव्याला सीरम द्यायचाच, हा आजचा नियम याच अनुभवावर उभा आहे.

मेंदूच्या ऊतीपासून सुटका पेशीसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमुळे झाली. अमेरिकेतल्या विस्टार संस्थेत मानवी पेशींवर वाढवलेली लस पुन्हा इराणमध्येच कसाला लागली. पिसाळलेल्या प्राण्यांनी गंभीर चावे घेतलेल्या ४५ जणांना सहा मात्रा आणि सीरम देण्यात आले आणि सगळे वाचले. १९७६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लस उत्तम होती, पण रेबीज जिथे सर्वाधिक होता त्या देशांना परवडणारी नव्हती.

या अडचणीवरचा तोडगा बँकॉकमध्ये, थाई रेड क्रॉसच्या संस्थेत सापडला. स्नायूऐवजी त्वचेच्या थरातच लस दिली, तर तिथल्या प्रतिकारपेशी अगदी थोड्या लसीवरही जोरदार प्रतिसाद देतात. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्ये मान्य केली, भारताने २००६ मध्ये. स्नायूत पाच भेटींना पाच कुप्या लागतात. त्वचेत दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिलि, दिवस ०, ३, ७ आणि २८ ला, म्हणजे एकूण ०.८ मिलि. पुढे कंबोडियातल्या पाश्चर संस्थेच्या अभ्यासातून दिवस ०, ३ आणि ७ एवढ्यावरच थांबता येते असे दिसले; २०१८ मध्ये संघटनेने ते वेळापत्रक स्वीकारले.

बचत मोठी आहे, पण ती हातावर अवलंबून आहे. सुई खोल गेली तर संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा येत नाही. तेव्हा शेजारी पुन्हा टोचावे लागते. उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत संपवावी लागते. म्हणून दिवसाला एखादाच रुग्ण येणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही काटकसर फारशी साधत नाही. स्नायूत द्यायची तर दंडात, लहान मुलांना मांडीच्या पुढच्या बाहेरील भागात. नितंबात कधीच नाही, कारण तिथल्या चरबीत लस अडकते.

सर्वाधिक चुका आजही सीरमच्या बाबतीत होतात. घोड्याचा सीरम दर किलो वजनाला ४० एकक, मानवी २० एकक. तो जखमेत आणि जखमेभोवती भरायचा असतो. दंडात टोचून मोकळे झाले की उपयोग फार थोडा. जखमा अनेक असतील तर सलाइनने पातळ करून सगळ्या जखमांना पुरवावा. पहिल्या लसीला सात दिवस उलटले की देऊ नये. या सगळ्याआधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, आणि शक्यतो टाके न घालणे. सीरमचा तुटवडा कायमचाच. म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायॉलॉजिक्ससोबत विकसित केलेले एककृंतक प्रतिद्रव्य (प्रयोगशाळेतल्या पेशींकडून बनवून घेतलेले एकाच प्रकारचे प्रतिद्रव्य) महत्त्वाचे आहे: घोडा नको, रक्तदाता नको आणि मात्रा दर किलोला फक्त ३.३३ एकक.

तरी माणसाला लस देऊन रेबीज संपत नाही, कारण ९९ टक्के मानवी रुग्णांत तो कुत्र्याकडून येतो. लॅटिन अमेरिकेने हे १९८३ मध्ये ओळखले आणि देशोदेशीच्या कार्यक्रमप्रमुखांना एका टेबलावर आणले. मेक्सिकोत १९९० मध्ये ६० जण दगावले होते. कुत्र्यांच्या मोफत सामूहिक लसीकरणानंतर २०१९ मध्ये कुत्र्यांमुळे होणारा मानवी रेबीज संपवल्याची मान्यता मिळवणारा तो पहिला देश ठरला. डिसेंबर २०१५ मध्ये जिनिव्हात मानव आणि पशू आरोग्याच्या संघटनांनी २०३० पर्यंत शून्य मृत्यू हे उद्दिष्ट ठरवले. भारताचा राष्ट्रीय आराखडा २०२१ चा आहे.

आपल्याकडचे ठोस उदाहरण गोव्याचे. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही स्वयंसेवी संस्था यांनी २०१३ पासून दरवर्षी किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण हे लक्ष्य धरले. जाळ्यांनी पकडायचे, टोचायचे, अंगावर रंगाची खूण करून सोडायचे; नोंद मोबाइलवर स्थानासह. खूण नसलेले किती दिसतात हे मोजून कोणत्या वाडीत पुन्हा जायचे ते ठरते. कुत्र्यांची पिढी झपाट्याने बदलते, त्यामुळे एक वर्ष खंड पडला तरी प्रमाण घसरते. २०१९ पर्यंत कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी उतरला आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. कुत्र्यांना राज्याची हद्द कळत नाही. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवारच्या सीमेलगतच्या गावांत तेवढेच लसीकरण झाले नाही, तर गोव्याला हा खर्च दरवर्षी असाच करत राहावा लागेल.